माझ्या नावाची एक बुडी

२४ सप्टेंबर २०२५, बुधवार

अपूर्वा मॅडमनी आम्हा सगळ्यांना बजावलंय की वही आजपासूनच लिहायला घ्या, विमानात बसल्यावर नाही. त्यांच्या मते सहल तयारीपासूनच सुरू होते. अपूर्वा मॅडम वयाने माझ्या लेकीएवढ्या, गार्गीएवढ्या, पण जपानला इतक्यांदा जाऊन आल्यात की बोलताना त्यांची मान लवते आणि ती बघून आपलीही लवते. अंधेरीला त्यांचा वर्ग आहे, तिथूनच नोव्हेंबरात आमचा ग्रुप निघणार. चहाचा विधी, फुलांची मांडणी, जुन्या लाकडी घरात मुक्काम, गरम पाण्याच्या कुंडात स्नान. नुसतं लिहितानाही छातीत धडधडतंय.

मी नीला. मुलुंड पूर्वेला राहते. मे महिन्यात साकीनाक्याच्या पंपांच्या कारखान्यातून निवृत्त झाले. आमचा माल घेणारी एक जपानी कंपनी दर वर्षी भिंतीवरचं कॅलेंडर पाठवायची. वर्ष संपलं की ते मी घरी आणायचे आणि जूनमध्ये गार्गीच्या पुस्तकांना त्याची कव्हरं घालायचे. भूगोलाला लाल पूल, गणिताला बर्फातलं देऊळ, मराठीला वाफाळतं कुंड. गार्गी पुस्तक उघडून अभ्यास करायची आणि मी कव्हर बघत बसायचे. आई, म्हणजे माझ्या सासूबाई, कागद दुमडून द्यायला बसायच्या. त्यांना चित्रांचं काही नव्हतं. "कागद बरो आसा," एवढंच म्हणायच्या.

माझा नवरा सुबोधही येतोय. त्याला चहाबिहात रस नाही, बुलेट ट्रेनमध्ये आहे.

अडचण एकच, आई. त्र्याऐंशी वर्षांच्या आहेत, गुडघे गेलेत, आंघोळीला कुणीतरी हाताशी लागतं. तीन वर्षांपूर्वी आम्ही केरळला गेलो तेव्हा त्यांना वन्संकडे बोरिवलीला ठेवलं होतं. वन्सं म्हणजे सुबोधची मोठी बहीण वनमाला. तिसऱ्याच दिवशी आईंनी ताप काढला आणि आम्ही अर्ध्यातून परत आलो. वन्सं म्हणाल्या, "मौज करायची तुम्ही आणि आईला सांभाळायचं मी?" तेव्हापासून आम्ही अलिबागच्या पुढे गेलेलो नाही.

सुबोध म्हणाला, "तू काळजी करू नकोस, वन्माताईचं मी बघतो." सुबोध 'मी बघतो' म्हणाला की मला काळजी वाटते.

२९ सप्टेंबर

वाट लागली.

सुबोधने वन्संना फोन केला आणि सांगितलं की आम्ही काशीला जातोय.

मी स्वयंपाकघरातून ऐकत होते, हातातली पळी तशीच राहिली. फोन ठेवल्यावर म्हणाला, "अगं, जपान म्हटलं असतं तर तिने फोन आपटला असता. काशीला कुणी नाही म्हणतं का? यात्रेला निघालेल्या माणसाला अडवलं तर पाप लागतं. आईला ठेवून घेते म्हणाली लगेच. झकास काम झालं."

"आणि आईंना काशीला का नेत नाही, हे नाही विचारलं?"

"विचारलं. म्हटलं, डॉक्टर नाही म्हणतात."

डॉक्टरांना कुणी विचारलंच नाही. आईंची काशी आमच्या घरातली जुनी गोष्ट आहे. बाबा, म्हणजे माझे सासरे, होते तेव्हा ते नेणार होते, मिलचा संप झाला आणि राहिलं. बाबा गेल्यावर सुबोध नेणार होता. पुढच्या वर्षी, पुढच्या वर्षी करत आईंचे गुडघे गेले. जगात एवढी ठिकाणं असताना याला नेमकी काशीच सापडली.

पण खरं लिहायचं तर मी त्याला परत फोन लावायला सांगितलं नाही. भांडले, आदळआपट केली, आणि मग अपूर्वा मॅडमना पासपोर्टचे फोटो पाठवले.

२ ऑक्टोबर, दसरा

वन्सं सोनं द्यायला आल्या आणि दारातूनच म्हणाल्या, "आई, कळलं का? दोघं काशीला चाललेत! नशीब काढलं हो नीलाने."

मी पाणी आणायच्या निमित्ताने आत पळाले. बाहेर आले तर आई शांत बसल्या होत्या. सुबोधकडे बघत होत्या, मग माझ्याकडे. बराच वेळ.

"काशीक," त्या म्हणाल्या. "बरा झाला."

साठ वर्षं मुंबईत काढली, तरी मनापासून बोलायचं असलं की आई मालवणीवर येतात. पुढे म्हणाल्या, "माका खंय आता झेपतला? तू जा गो नीला. माझ्या नावान एक बुडी मार. आख्खी मार हां, नुसते पाय भिजवन येव नको."

मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार? आपट्याची पानं हातात होती आणि ती घामाने ओली झाली.

७ ऑक्टोबर

आईंना इतका आनंद झालाय की त्यांनी सगळ्या बिल्डिंगमध्ये सांगितलं. दूधवाल्याला, तिसऱ्या मजल्यावरच्या नंदूच्या आईला, देवळातल्या गुरुजींना. आज भाजी घेऊन येताना चार जणींनी अडवलं. एकीने विश्वनाथाला वाहायला सुपारी दिली, एकीने गंगेत टाकायला नाणं. नंदूची आई म्हणाली, "आल्यावर मावंदं घालणार ना? मी पुरण वाटायला येईन."

काशीहून आल्यावर मावंदं घालावं लागतं, गंगेच्या पाण्याची पूजा करून सगळ्यांना जेवू घालायचं असतं, हे सुबोधच्या डोक्यातच नव्हतं. आता म्हणतो, "गंगाजल दुकानात मिळतं." मी त्याच्याशी संध्याकाळपर्यंत बोलले नाही.

भाबड्या म्हाताऱ्या बाईच्या आनंदाचा आपण खेळ केला. मला स्वतःचीच शरम वाटते.

११ ऑक्टोबर, शनिवार

अंधेरीला वर्ग. आज वाकण्याचे प्रकार शिकवले. साधा नमस्कार, आदराचा, आणि माफी मागायचा, तो सगळ्यात खोल आणि सगळ्यात लांब. मॅडम म्हणाल्या, "नीलाताई, तुमचं माफीचं वाकणं एकदम परफेक्ट आहे."

मग कुंडातल्या आंघोळीचं सांगितलं. बायकांचं कुंड वेगळं, पण अंगावर काहीही ठेवायचं नाही. काही म्हणजे काहीही नाही. आधी बाहेर बसून साबणाने स्वच्छ व्हायचं, मग पाण्यात उतरायचं आणि गळ्यापर्यंत शांत बसायचं. डोकं पाण्यात घालायचं नाही, ते तिथे असभ्य समजतात. आमच्यातल्या अर्ध्या जणींचे चेहरे पडले. लग्न झाल्यापासून माझी पाठसुद्धा कुणी धड बघितलेली नाही. मी मनाशी ठरवून टाकलं की त्या दिवशी माझं पोट दुखेल.

घरी येऊन गुडघे मुडपून टाचांवर बसायचा सराव केला. चहाच्या विधीला तासभर तसं बसावं लागतं. पाय बधिर होऊन मी आडवी पडले तेवढ्यात आई आल्या. म्हटलं, "ध्यानाला बसले होते. काशीला जायचंय ना."

"बस की," आई म्हणाल्या. "पण अशी दगडासारी नको. भार एकदा ह्या पायावर, एकदा त्या. आम्ही मसालो वाटूक अशीच बसत होतंव." मग जाता जाता म्हणाल्या, "आणि आंघोळीक लाजू नको हां तिकडे. परक्या बायकांत काय लाजायचा? सगळ्यांचा सारख्याच असता."

घाटावर बायका उघड्यावर आंघोळ करतात ते त्यांच्या मनात असणार. मी ओशाळून पाय चोळत बसले.

१६ ऑक्टोबर

फराळाची गडबड. चकल्या पाडताना आईंनी विचारलं, "काशीक जाऊन काय सोडतलंस?"

काशीला गेलं की एखादी आवडीची वस्तू कायमची सोडायची असते. मी म्हटलं, कारली.

"आवडीची गो."

काहीतरी म्हणायचं म्हणून माझ्या तोंडातून निघालं, "चहा." हे मी का म्हटलं? दिवसाला पाच कप पिणारी बाई मी, आणि जपानला चाललेय ती चहाचा विधी करायला!

आईंनी सोऱ्या दाबता दाबता विचार केला. "दुधाचो सोड," त्या म्हणाल्या. "दुसरो खयचो हिरवोबिरवो आसलो तर तो चलात."

बाई किती मोठ्या मनाची आहे. माझ्यासाठी देवाच्या नियमातही सूट काढली. चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं, मला क्षणभर वाटलं होतं की त्यांना काही कळलंय.

२३ ऑक्टोबर, भाऊबीज

बोरिवलीला गेलो. वन्संनी ओवाळलं, जेवायला वालाचं बिरडं आणि श्रीखंड. सुबोध दोनदा वाढून घेऊन जेवला, त्याचं मन त्याला खात नाही, हे मला बघवत नाही. वन्संनी मला आत नेऊन अन्नपूर्णेसाठी खण दिला. म्हणाल्या, "मागे केरळच्या वेळी मी फार बोलले तुला. मनात ठेवू नकोस गं. मौजेला जाणं वेगळं आणि हे वेगळं."

मी खण घेतला. वन्संशी माझं कधी फारसं पटलं नाही, पण त्यांनी माझी माफी मागावी आणि ती मी अशी खोट्यावर उभी राहून घ्यावी? रिक्षात बसल्यावर रडू आलं. सुबोध म्हणाला, "काय झालं?" म्हटलं, श्रीखंड जास्त झालं.

३० ऑक्टोबर

व्हिसा आला. हातात घेऊन मी देवापुढे ठेवला आणि लगेच उचलला, तिथे सुपाऱ्या, नाणी आणि खण मांडून ठेवलाय ना.

आई हल्ली बऱ्या दिसतात. संध्याकाळी गुडघ्याला पट्टा बांधून खाली बिल्डिंगमधल्या धोंडिरामकाकांबरोबर फेऱ्या मारतात. आज कपाटातून स्वतःचं आधार कार्ड काढून मागितलं. कशाला, विचारलं तर म्हणाल्या, "फोटो कसो इलो तो बघूक." पुन्हा जागेवर ठेवायला दिलं नाही, उशीखाली ठेवलं. वय झालं की माणूस पोरासारखं होतं. अशा माणसाला फसवताना हात कसा धजावला आमचा!

५ नोव्हेंबर, त्रिपुरी पौर्णिमा

आज जे झालं ते लिहायला हात उचलत नाही.

सकाळी धोंडिरामकाका आले. तळमजल्यावर एकटेच राहतात. बाबांच्याच मिलमध्ये होते. त्यांची बायको चंद्राबाई गेल्या माघात गेली. हातात तांब्या होता, तोंडाला लाल फडकं बांधलेला. उंबऱ्याच्या आत आले नाहीत.

"सूनबाई, चंद्रीच्या अस्थी हायेत," ते म्हणाले. "निम्म्या नाशकाला सोडल्या. निम्म्या ठेवल्यात्या, तिला काशी बघायची हुती म्हणून. पोरगं म्हणतंय, पुढल्या साली जाऊ. माझा काय भरवसा? वैनी म्हणल्या, नीलाकडं द्या, ती नीट नेईल."

मी आईंकडे पाहिलं. आई समईची वात सारखी करत होत्या.

"माझ्याकडे?" मी म्हटलं.

"तुमच्यावर माझा इस्वास हाय," काका म्हणाले, आणि त्यांनी तांब्या माझ्या हातात दिला. नीट दोन हातांनी दिला. घरात ठेवत नाहीत म्हणून मी तो स्वयंपाकघराच्या खिडकीबाहेर ग्रिलला टांगला. ओट्याशी उभी राहिले की समोर दिसतो.

आईंचा भाबडेपणा! त्यांना काय कल्पना, त्यांनी कुणाच्या हातात काय सोपवायला लावलं ते. सुपारी कुठेही वाहता येते, नाणं कुठल्याही पाण्यात टाकता येतं. पण हे?

चंद्राबाई मला दर संक्रांतीला शेवग्याच्या शेंगा आणून द्यायची. गार्गी लहान असताना मला कारखान्यात उशीर झाला की तिला आपल्या घरी जेवू घालायची. आज चहा करताना तीनदा दूध उतू गेलं.

८ नोव्हेंबर, शनिवार

शेवटी सुबोधने मार्ग काढला. त्याचे सगळे मार्ग असेच असतात. म्हणाला, "वर्सोव्याला जाऊ. खाडी समुद्राला मिळते, समुद्राला गंगाही मिळते. पाणी ते पाणी. काकांना काय कळणार आहे?"

आणि मी गेले. हे कुणी वाचणार नाही म्हणून लिहिते, मी गेले. साडी नेसले, तांब्या पिशवीत घेतला, मुलुंडपासून लांब म्हणजे कुणी ओळखीचं भेटायला नको, म्हणून वर्सोवा मलाही बरं वाटलं.

घाटकोपरला मेट्रोच्या तपासणीत पिशवी अडली. मशीनपाशी बसलेल्या माणसाने विचारलं, "माताजी, लोटे में क्या है?"

"अस्थी," मी म्हटलं. महिन्याभरात एवढा एकच शब्द मी खरा बोलले असेन.

तो उभा राहिला. हात जोडले, आणि पिशवी स्वतः उचलून माझ्या हातात दिली. "बनारस ले जाइएगा, माताजी," हळूच म्हणाला. त्याचं गाव तिकडचं असेल.

वर्सोव्याला ओहोटी होती. बोंबील वाळत घातले होते, मढची फेरी नुकतीच सुटली होती. सुबोध म्हणाला, "चल लवकर." मी चपला काढल्या, चिखलात दोन पावलं गेले आणि फडक्याची गाठ सोडायला घेतली. काकांनी ती इतकी घट्ट बांधली होती की सुटेना. नखं लावली तरी सुटेना. मला दिसत होतं, म्हातारा माणूस एकटाच बसून, ओठ आवळून, प्रवासात सांडू नये म्हणून गाठीवर गाठ मारतोय.

"माझ्याच्याने होणार नाही," मी सुबोधला म्हटलं.

"अगं, इथवर आलोय आता!"

"तूच इथवर आणलंस. आणि मी आले. नालायक आहोत आपण दोघं."

सुबोध चिडेल असं वाटलं होतं. तो माझ्या चपला हातात घेऊन उभा राहिला आणि मग खाली बघत म्हणाला, "आईला काय सांगायचं?" छप्पन्न जणांचा साहेब असलेला माणूस, शाळेतून चिठ्ठी आल्यासारखा उभा होता. तांब्या घेऊन आम्ही तसेच परत आलो.

९ नोव्हेंबर, रविवार

सांगितलं.

सुबोध देवळात जातो म्हणून सटकला, म्हणजे मलाच सांगावं लागलं. आई मेथी निवडत होत्या. मी समोर जमिनीवर बसले, गुडघे मुडपून, टाचांवर. अपूर्वा मॅडमनी शिकवलेलं माफीचं वाकणं करायचं नव्हतं, पण मान आपोआप खाली गेली. म्हटलं, "आई, आम्ही काशीला जात नाही आहोत. जपानला जातोय. पहिल्या दिवसापासून खोटं बोललो." आणि मग सगळं सांगितलं, डॉक्टरांचं, वन्संच्या खणाचं, वर्सोव्याचंसुद्धा.

आईंनी हातातली जुडी संपवली. देठं बाजूला केली.

"झाला सांगून?"

"हो."

"मगे चाय ठेव. दुधाचो."

मी ओट्याकडे जायला उठले.

"माका गणपतीतच म्हायत झाला," त्या म्हणाल्या. "गार्गीन मोबाइलात दाखवल्यान. आजी, आई हय चललीहा. तोच आमचो कॅलेंडरातलो लाल पूल. भूगोलाचो."

"मग बोलला का नाहीत?"

"तू बोलतलंस म्हणान वाट बघी होतंय."

म्हटलं, "तुम्हाला राग येईल असं वाटलं. केरळच्या वेळी तुम्ही रागाने ताप काढलात, म्हणून..."

"ताप काय मी काढूक गेलंय?" आई एकदम चढ्या आवाजात म्हणाल्या. "ताप इलो!"

ताप आला होता. नुसता ताप आला होता. तीन वर्षं मी हे मनात धरून बसले होते की या बाईला आमचं सुख बघवत नाही. सुबोधला ऐकवलं, गार्गीला ऐकवलं, कारखान्यात डबा खाताना मैत्रिणींना तिखटमीठ लावून सांगितलं. एकोणतीस वर्षं एका घरात राहतोय, आणि जपानला जाऊ का हे त्यांना एकदा विचारून बघावं, असं माझ्या मनातही आलं नाही. खोटं सुबोध बोलला, पण त्याच्या आधीपासून मीच त्यांच्याबद्दल खोटं धरून बसले होते. मला खूप रडू आलं आणि आईंनी मला रडू दिलं.

मग त्यांनी उशीखालून आधार कार्ड काढून माझ्या हातात दिलं. "देवाच्या नावान बोललेला फुकट जाऊक नको. सुबोधाक सांग, काशीची तिकिटा काढ. माझा, त्याचा आणि धोंडिरामाचा. चंद्रेक तिच्या घोवानच सोडूची. आणि वनमालेचाय काढ, माका पाण्यात धरूक बाईमाणूस व्हया."

"वन्सं येतील?"

"काशीक कोण नाय म्हणतला?"

मी म्हटलं, मग मी जपान रद्द करते, मीच येते तुम्हाला धरायला. आई म्हणाल्या, "ह्या तोंडान? पडलेला तोंड घेवन गंगेत उतारलंस तर गंगा बाटतली. तू गप तुझ्या पुलार जा."

नशीब की धोंडिरामकाका वेळेवर आले होते तांब्या घेऊन. नाहीतर मी कधी सांगितलंच नसतं.

१४ नोव्हेंबर

उद्या माझं विमान, परवा त्यांचं. सुबोधचं जपान रद्द झालं, चांगलाच भुर्दंड बसला, तोंडातून चकार शब्द काढला नाही त्याने. बुलेट ट्रेनचा व्हिडिओ काढून आण, एवढंच म्हणाला. वन्संना त्यानेच फोन करून सगळं सांगितलं. त्यांचा आवाज मला पलीकडच्या खोलीत ऐकू येत होता. ओरडून ओरडून दमल्या आणि मग म्हणाल्या, "परवा किती वाजताचं विमान?"

तांब्या मी काकांना परत दिला. खरं ते सांगितलं. वर्सोव्याचं मात्र सांगायची हिंमत झाली नाही. काका म्हणाले, "मला तर लई बरं झालं, मीच निघालो." ते हसले तेव्हा मला आणखी वाईट वाटलं. ते एक ओझं माझ्याजवळच राहणार.

सुपाऱ्या, नाणी, खण आईंच्या पिशवीत भरले. माझ्या बॅगेत आईंनी स्वतःची शाल घातली. आंघोळ घालताना आज मी त्यांची पाठ जरा जास्तच वेळ चोळली. बोरिवलीचा हात कसा असेल कोण जाणे, वन्सं घाईच्या आहेत. सारखं मनात येतंय की त्यांना पाण्यात धरायला मी हवी होते. आणि लगेच लाल पूलही मनात येतो. दोन्ही एकदम कसं काय येतं?

१९ नोव्हेंबर, डोंगरातलं लाकडी घर

पूल बघितला. कॅलेंडरात होता त्याहून लहान आहे, आणि रंग जरा उडालाय. तरी त्याच्यावर उभी राहून मी खूप वेळ पाण्याकडे बघत होते.

आज कुंडाचा दिवस. पोट दुखतंय असं सांगायचं ठरलं होतं, पण सकाळी अपूर्वा मॅडमनी विचारलं तेव्हा मला आणखी एक खोटं बोलवेना. साबणाने स्वच्छ होऊन, छोटा पंचा घट्ट धरून, भिंतीकडे तोंड करून मी उतरले. पाणी सोसवेल इतकंच गरम. समोर लाल झालेली झाडं. आमच्या बायका गळ्यापर्यंत पाण्यात, एकमेकींकडे न बघता गप्प. पलीकडे एक जपानी आजी डोळे मिटून बसलेली. तिची पाठ अगदी आईंच्या पाठीसारखी, मधे खोल पन्हळ. आईंचं म्हणणं खरं होतं, सगळ्यांचं सारखंच असतं.

हळूहळू आमच्या बायका उठून गेल्या. मी राहिले. डोकं पाण्यात घालायचं नाही, हे मला पाठ होतं. पण आख्खी मार, असं आईंनी सांगितलं होतं, आणि डोकं बुडाल्याशिवाय ती बुडी होत नाही. आजीचे डोळे मिटलेलेच होते. मी नाक धरलं, आईंचं नाव घेतलं आणि बुडी मारली.

वर आले तर आजी माझ्याकडे बघत होती. मी तिथेच, पाण्यात, माफीचं वाकले, सगळ्यात खोल आणि सगळ्यात लांब. तिने तोंड दुसरीकडे फिरवलं. खांदे मात्र हलत होते.

संध्याकाळी सुबोधचा फोन आला. सकाळी सगळं पार पडलं. काकांनी तांब्याची गाठ स्वतः सोडली, दातांनी. मग आईंनी फोन घेतला.

"बुडी मारलंस?"

"मारली."

"आख्खी?"

"आख्खी. इथे डोकं बुडवायला मनाई आहे. चोरून बुडवलं."

"मीय मारलंय. वनमालेन एका बाजून धरल्यान, सुबोधान दुसऱ्या. पयली तुझ्या सासऱ्याच्या नावान, दुसरी तुझ्या नावान."

म्हटलं, "माझ्या नावाने काय मागितलंत?"

"म्हटलंय, गंगामाय, हिचा खोटा सगळा धुवन ने." मागे घंटा वाजत होत्या, वन्सं कुणावर तरी ओरडत होत्या. "सगळा म्हणजे, अगदीच सगळा नको. वायच ऱ्हवांदे. माका अजून द्वारकेक जाऊचा आसा."